सव्वापाचच्या गाडीवर जिंकणारा संघ

माझ्या संघानं दोन हिवाळ्यांत पाच गोल केले आणि त्यांतल्या चार वेळा समोर अडवायला कुणी नव्हतं. गोलकी नव्हता, फुलबॅक नव्हते, प्रेक्षकही नव्हते. असलाच तर मी एकटा, थंडीत कानांना मफलर गुंडाळून उभा. हे ऐकून लोक हसतात. मला मात्र हसू येत नाही. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की अजून डोकं तापतं.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी मी कारंज्याच्या स्टेशनावर तिकीटबाबू होतो. आमची गाडी छोटी, रूळ अरुंद. दुपारच्या गाडीचं काही खरं नसे, पण मूर्तिजापूरला जाणारी संध्याकाळची गाडी सव्वापाचला सुटायची म्हणजे सुटायची, कारण पुढे तिला मोठ्या लाइनीची गाडी गाठून द्यायची असे. कापसाच्या गाठी फार झाल्या तरच तिला उशीर होई, आणि तसं असलं की मागच्या स्टेशनावरून दुपारीच तार येई.

स्टेशन गावापासून बाजूला. माझी खोली स्टेशनाला चिकटून. खिडकीवर दिवसभर माणसं येत, पण ती तिकिटाकडे बघत, फार तर माझ्या बोटांकडे. माझं गाव कामरगाव, फार लांब नाही. पण तिथं वडिलांनी दुसरा संसार मांडलेला होता आणि मी गेलो की सगळे पाहुण्याशी बोलावं तसं बोलत. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेली होती. पुन्हा लग्न कर म्हणून सांगणारे सुरुवातीला बरेच होते, मग तेही दमले. मला माणसं नव्हती, हे सरळच सांगून टाकतो. संध्याकाळ झाली की मला खोलीची भीती वाटायची.

अशात एक दिवस एक पिंजारी दारावरून धनुकली वाजवत चालला होता. माझ्या गादीतल्या कापसाचे दगड झाले होते. त्याला बोलावलं. माणूस माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. ओसरीवर बसून दुपारभर त्यानं कापूस पिंजला आणि पिंजता पिंजता माझी सगळी हकिकत काढून घेतली. निघताना म्हणाला, "बाबू, इथं एकटा बसून काय करतं? सांजले मैदानावर येत जा ना. आमी फुटबॉल खेळतो."

मी म्हटलं, "चष्मा काढला तर मले चेंडू अन् पागोटं एकच दिसते."

"खेळाले नाई बोलावून राह्यलो. पाहाले ये. पाहणारं बी कोनी लागते का नाई?"

मी गेलो. जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागं मोकळं मैदान होतं, तिथं सरकीचा वास भरलेला असायचा. अनवाणी पायांना चिंध्या बांधून अकरा माणसं खेळत होती. एक बांगड्या विकणारा, तो सेंटरला. दोघं विणकर, एक नालबंद, तीन-चार शेतकरी, आणि सगळ्यांत मागं फुलबॅकच्या जागी माझा पिंजारी. तोच कप्तान होता आणि सगळं गाव त्याला कप्तानच म्हणे. खेळ संपला की तो माझ्याशेजारी येऊन बसायचा, पायाच्या चिंध्या सोडायचा, खिशातून शेंगा काढून अर्ध्या माझ्या हातावर ठेवायचा. मग आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळाबद्दल बोलत बसायचो. माझ्या आयुष्यात तेवढं बोलणं मी कुणाशीच केलेलं नाही.

दर हिवाळ्यात कारंज्याला ढालीचे सामने व्हायचे. बाहेरगावचे संघ सकाळच्या गाडीनं येत, दुपारी खेळत, संध्याकाळच्या गाडीनं परतत. मी पाहिलेल्या पहिल्या हिवाळ्यात आमचा संघ तुटून पडला. सेंटर पुढे, विणकर पुढे, नालबंद तर आपली जागा सोडून कुठंही. मूर्तिजापूरकडून आलेल्या संघानं आम्हाला नऊ गोल मारले. आम्ही दोन केले. त्या दिवशी गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवशी बाजारात नालबंदाला कुणी तरी नऊ बोटं दाखवली, तर तो नाल टाकून भांडायला उठला. मला मात्र ते नऊ आठवत नाहीत. आमचे दोन आठवतात. दुसरा तर असा, की सेंटरनं मैदानाच्या मधोमध चेंडू घेतला आणि तिघांना चुकवत असा धावला की मी चष्मा पुसायचा विसरलो. ते बघताना आपण एकटे आहोत हे मी साफ विसरलो होतो. त्यानंतर मी त्या एका गोष्टीसाठीच मैदानावर जाऊ लागलो.

पण कप्तानाला ते नऊच आठवत राहिले. पुढच्या हिवाळ्यात पहिल्याच सामन्याला त्यानं दहाच्या दहा माणसं गोलापुढं उभी केली. चेंडू आला की मारायचा लांब, जिनाच्या भिंतीकडे जाईल असा. तो आणेपर्यंत तेवढाच वेळ जायचा. सामना शून्य-शून्य सुटला. नियमाप्रमाणे पंचांनी अर्धा तास जास्तीचा खेळ देऊ केला, पण पाहुण्यांना सव्वापाचची गाडी गाठायची होती. कुणी कचेरीत कारकून, कुणी मास्तर. रजा एकाच दिवसाची. मग नियम असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा सामना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते कुठून येणार? ते आपापल्या घरी चहा पीत असणार.

आमचे अकरा मात्र आठच्या ठोक्याला हजर. पंच म्हणजे शाळेतले एक वृद्ध मास्तर, नियमाला फार पक्के. गोल झाल्याशिवाय विजय लिहिता येणार नाही, असं त्यांचं मत. त्यांनी मधोमध चेंडू ठेवला, शिट्टी फुंकली. आमचा सेंटर चेंडू घेऊन निघाला, समोर रिकामं मैदान, रिकामा गोल, गवतावर दव. त्यानं रमतगमत जाऊन चेंडू आत ढकलला. मास्तरांनी वहीत एक गोल लिहिला. आम्ही पुढच्या फेरीत गेलो.

ते पहिल्यांदा योगायोगानं झालं. दुसऱ्यांदापासून ती आमची चाल झाली. हरायचं नाही, गोल करायचा नाही, सव्वापाच वाजेपर्यंत तग धरायचा. गावाला ही चाल इतकी आवडली की काय सांगू. पाहुणे चिडून लाल झाले की आमची माणसं शेंगा फोडत ओरडायची, "गाडी चालली! गाडी चालली!" पाहुणे कपडे काखोटीला मारून स्टेशनाकडे पळत सुटले की टाळ्या पडायच्या. कारंज्याची हुशारी म्हणून लोक ती बाहेरगावी सांगायचे. शिरपूरला दर्शनाला निघालेले यात्रेकरूसुद्धा थांबून ऐकायचे. त्या अख्ख्या गर्दीत तोंड पाडून बसलेला मी एकटा. मी ओरडायचो, "अरे पुढं जा! पुढं जा ना!" तर शेजारचे म्हणायचे, "बाबू, तुमी आपल्याकडचे का त्यायच्याकडचे?"

आणि गंमत अशी की या चालीत माझाही हात होता. गाडी वेळेवर आहे की नाही हे मलाच ठाऊक. सामन्याच्या दिवशी स्टेशनमास्तर स्वतः खिडकी सांभाळून मला तासभर सोडायचे, मी मध्यंतराला मैदानावर पोचायचो, आणि कप्तानाला सांगायचो की गाडी वेळेवर आहे. तो मान हलवायचा. उरलेला अर्धा खेळ गोलापुढं भिंत. कप्तान माझ्यावर विसंबतो याचा मला अभिमान वाटायचा, आणि त्या बातमीचा राग यायचा. दोन्ही एकाच वेळी. मी म्हणजे त्या भिंतीतली एक वीटच झालो होतो.

एकदा शेंगा खाता खाता मी बोललोच. "कप्तान, हे काय खेळणं आहे? सेंटरचे पाय पाह्यले का तू? त्याले गोलापाशी उभं करून ठेवतं. घोड्याले गोठ्यात बांधावं तसं."

तो चिंध्या सोडत होता. म्हणाला, "अन् सोडला त काय होईन, थे तू पाह्यलं ना? नऊ झाले."

"दोन बी झाले."

"दोन तुले दिसले. बाकीच्याइले नऊ दिसले." मग म्हणाला, "बाबू, हे पोट्टे दिवसभर मागावर बसते, शेतात राबते. त्यायचे पाय पुढं जातीन, पण वापस येनार नाई. मले मालूम हाये. तू काठावर बसून पाह्यतं, मी मागं उभा राहून पाह्यतो."

मी जास्तच चिडलो. त्याला घाबरट म्हणालो. तो हसला आणि उरलेल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

त्या हिवाळ्यात पुढं एका सामन्यात एक गोल बसला आणि ढाल हुकली. पुढच्या हिवाळ्यात हेच पुन्हा. शून्य-शून्य, गाडी, सकाळी आठ, रिकामा गोल. असे करत करत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. ढाल एका सामन्यावर आली. चार गोल झाले होते, सगळे दवातले. पाचवाही तसाच होणार आणि ढाल गावात येणार, अशी खात्री धरून लोक हार घेऊनच मैदानावर आले होते.

त्या दिवशी स्टेशनात कसलीही तार आली नव्हती. गाडी वेळेवर होती. मी मैदानाकडे निघालो तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. वाटेत धनजकडून आलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या, गाडीवान चाकांवर उभे राहून सामना बघत होते. मी पोचलो आणि मध्यंतराची शिट्टी झाली. शून्य-शून्य. आमचे अकरा वर्तुळ करून बसले होते, संत्र्याच्या फोडी चोखत. सेंटरनं गवताची काडी दातात धरली होती आणि तो समोरच्या गोलाकडे बघत होता. त्या बाजूला तो दोन हिवाळ्यांत रिकाम्या मैदानातूनच गेला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

कप्तानानं मान वर केली. "बाबू?"

"लेट हाये," मी म्हणालो. "दीड घंटा. गाठी चढून राह्यल्या."

शब्द तोंडातून गेले आणि माझा मीच दचकलो. पण परत घेतले नाहीत.

कप्तानाच्या हातातली फोड तशीच राहिली. "मंग ते जास्तीचा अर्धा घंटा खेळतीन."

"खेळतीनच ना."

त्यानं आपल्या माणसांच्या पायांकडे बघितलं, एकेकाच्या. विणकरांच्या पोटऱ्या आत्ताच थरथरत होत्या. जास्तीच्या खेळात हे उभे राहणार नाहीत, हे त्याला दिसत होतं, मलाही दिसत होतं. तो उठला. "तं मंग जे कराचं ते आताच करा लागन," म्हणाला, आणि सेंटरच्या पाठीवर थाप मारली. "जाय लेका. आज तू मोकळा हायेस."

पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही. दोन हिवाळे दाबून ठेवलेली ती माणसं अशी सुटली की पाहुण्यांना काही सुचेना. ते बिचारे भिंतीशी खेळायच्या तयारीनं आले होते. लोक उभे राहिले. शेंगा विकणारीनं टोपली डोक्यावरून खाली ठेवली. आणि मग कप्तान स्वतः, मी ज्याला कधी मधली रेघ ओलांडताना पाहिलं नव्हतं तो, चेंडू घेऊन पुढे आला. जड पायांनी, मान खाली घालून, दोघांना खांद्यानं बाजूला सारत. त्यानं चेंडू डावीकडे दिला, सेंटरनं तो धावता धावता मारला. गोलकी हलला पण नाही. समोर अकरा माणसं असताना झालेला गोल! मी टोपी फेकली. कुणाला तरी मिठी मारली, तो कोण होता ते मला आजही ठाऊक नाही. मी रडलो. कप्तानानं लांबून माझ्याकडे बघून हात वर केला. तो लहान पोरासारखा हसत होता.

मग पाय संपले. जे तो म्हणाला होता तेच. पुढे गेलेले परत येईनात. कप्तान निम्म्या वाटेवर असतानाच पहिला गोल बसला. दुसरा बसला तेव्हा आमचा गोलकी एकटा होता, आणि कप्तान मागून धावत येत होता, तोंड उघडं, हात पुढे केलेला. दोन-एक. शेवटची शिट्टी झाली.

पाहुण्यांनी ढाल घेतली, कपडे उचलले आणि पळाले. गाडी लेट असताना का पळताहेत, हे आमच्या अकरांना कळेना. थोड्या वेळानं गाडीची शिट्टी ऐकू आली. सव्वापाच. सगळ्या मैदानानं ऐकली.

सेंटर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. घामानं त्याचे डोळे लाल झाले होते. "बाबू, हे तं टायमावर सुटली!"

मी म्हणालो, "तारेत काही तरी चूक झाली असन."

ते दुसरं खोटं. पहिलं तोंडातून निसटलं होतं, हे मात्र मी विचार करून बोललो. कप्तान खाली बसून चिंध्या सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "तारेतच चूक झाली असन. बाबू कायले खोटं बोलन? अन् तार येवो का नोको येवो, फुलबॅकनं जागा सोडाची नसते. म्या सोडली. माही चूक हाये."

गावाला कुणी तरी दोषी हवाच होता आणि हा आयता मिळाला. ज्यांनी दोन हिवाळे त्याची वाहवा केली होती तेच म्हणू लागले की म्हातारा झाला, डोकं फिरलं, हातातली ढाल घालवली. त्याच्याकडे गाद्या भरायला टाकणारी माणसं सामन्याचा विषय काढून त्याला टोचायची. महिन्याभरात कप्तानकी बांगडीवाल्या सेंटरकडे गेली. माझ्या कप्तानानं भांडण केलं नाही. "माह्यानं आता धावनं होत नाई," म्हणाला आणि खेळणंही सोडलं.

मी खरं सांगायला हवं होतं. दहा वेळा ठरवलं. स्टेशनातून निघताना शब्द जुळवायचो, मैदानावर पोचेपर्यंत ते सांडून जायचे. भीती एकच होती. हा माणूस गेला तर माझ्याकडे कुणी राहणार नव्हतं. मी स्वतःची समजूत घालायचो की त्यानं मनापासून विश्वास ठेवलाय, आता कशाला दुखवायचं. किती सोयीची समजूत होती ती.

कारण तो येतच राहिला. खेळत नव्हता तरी रोज संध्याकाळी मैदानावर येऊन माझ्याशेजारी बसायचा. शेंगा अजूनही अर्ध्या माझ्या. "काय बाबू, बोल," म्हणायचा, आणि मी काही तरी बोलायचो, हवेबद्दल, कापसाबद्दल, स्टेशनमास्तरांच्या खोकल्याबद्दल. तो ऐकून घ्यायचा. खेळाबद्दल मात्र आमचं बोलणं होईना. आधी दिवेलागणीपर्यंत बसायचो, आता बरंच आधी उठायचो.

समोर नवा संघ खेळत होता, अगदी मला हवा तसा. सगळे पुढे. पुढच्या हिवाळ्यात तीन खाल्ले आणि तीन केले, पाच खाल्ले आणि चार केले. गाव पार वेडं झालं. लोक आता "पुढं जा, पुढं जा" म्हणून ओरडायचे, माझेच शब्द. मला मात्र ओरडता येईना. गोल झाला की सगळे उठायचे, आम्ही दोघं बसलेले. माझ्या शेजारी एक माणूस बसलेला असताना मला त्या खोलीतल्यापेक्षा जास्त एकटं वाटत होतं, हे मी कुणाला सांगणार? ज्याला सांगायचं तोच शेजारी होता.

एकदा सेंटरनं फारच सुरेख गोल केला. कप्तान माझ्याकडे वळून म्हणाला, "असंच पाह्यजे होतं ना तुले?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा मैदानाकडे वळला.

तो हिवाळा संपला आणि कप्तान यायचा थांबला. आधी दोन दिवसांआड, मग आठवड्यानं, मग नाहीच. मला वाटलं, काम वाढलं असेल. मी त्याच्या गाद्यांच्या दुकानावरून जाताना तो मान हलवायचा, मीही हलवायचो. मीही मग मैदानावर जायचं सोडलं. संध्याकाळी खिडकी बंद करून आतच बसू लागलो.

लढाई सुरू झाली. कापड मिळेना, गाद्यांचा धंदा बसला. दोन वर्षांनी माझी बदली लांब, मोठ्या लाइनीवर झाली. निघायच्या आदल्या दुपारी मी त्याच्या दुकानात गेलो. तो एकटाच होता, तंतू तोडत बसलेला. दाढी पांढरी झाली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कसलीही तार आली नव्हती. गाडी वेळेवर होती. मी खोटं बोललो, कारण मला एकदा तरी खरा गोल बघायचा होता. तुझी कप्तानकी माझ्यामुळं गेली.

त्याचे हात थांबले नाहीत.

"मालूम हाये," तो म्हणाला. "तुह्या स्टेशनच्या खलाशानं त्याच सांजले सांगतलं. तार-फार काई आलीच नवती."

मला आधी समजलंच नाही. "त्याच सांजले? मंग तू मले बोलला काहून नाई?"

"म्या कायले बोलू? बोलाचं तुले होतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "रोज येऊन बसत होतो ना मी. म्हटलं, आज बोलन, उद्या बोलन. साल गेलं. मंग म्हटलं, जाऊ दे, हा काई बोलत नाई."

"अन् आता?"

"आता काय, बाबू. आता तं तू चालला."

दारात एक बाई जुनी रजई घेऊन उभी राहिली. तो उठून तिच्याशी बोलू लागला. मी बाहेर आलो. दोन हिवाळे मी त्या माणसाला पुढं जा, पुढं जा म्हणून ओरडत होतो, आणि त्यानंतर वर्षभर तो रोज संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसला होता.